कोराब्ल-स्पुतनिक चाचण्या

कोराब्ल-स्पुतनिक : सोव्हिएत संघाने मे १९६० ते मार्च १९६१ या काळात घेतलेली मानवविरहित अंतराळयानांची चाचणीमालिका. युरी गागारीन ज्या व्होस्तोक यानातून गेले, त्याची ही पूर्वरूपे. अंतराळात गेलेल्या प्राण्यांचा विषय निघाला की पहिले नाव लायका या कुत्रीचे येते. पण माणसासाठी वाट मोकळी केली ती या मालिकेतील कुत्र्यांनी, कारण त्यांच्या यानांना परतायचे होते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लायकाला घेऊन निघालेल्या स्पुतनिक-२ मध्ये परतीची सोयच नव्हती. उड्डाणावेळी वाढलेले तिचे ठोके पूर्ववत व्हायला जमिनीवरील चाचणीच्या सुमारे तिप्पट वेळ लागला. ही नोंद मोलाची खरीच, पण काही तासांतच उष्णतेने ती मेली आणि २००२ पर्यंत हे कारण जगापासून दडून राहिले.

परतीची किंमतही जबर होती. २८ जुलै १९६० रोजी बार्स आणि लिसिच्का या कुत्र्या अग्निबाणाच्या अपघातात मेल्या. १९ ऑगस्टला गेलेल्या बेल्का आणि स्त्रेल्का दुसऱ्या दिवशी सुखरूप उतरल्या. पृथ्वीप्रदक्षिणा करून जिवंत परतलेल्या पहिल्या कुत्र्या त्याच. चौथ्या प्रदक्षिणेत बेल्का अस्वस्थ झाली, तिला उलटी झाली. माणसाची पहिली फेरी एकाच प्रदक्षिणेची ठेवावी, हा वैद्यकीय सल्ला त्यातूनच आला. १ डिसेंबरला निघालेले यान गतिरोधक इंजिनातील बिघाडाने भरकटले. ते परक्या हाती पडू नये म्हणून स्फोटाने नष्ट केले गेले आणि प्च्योल्का व मुश्का त्यात गेल्या. ९ मार्च १९६१ ला चेर्नुश्का आणि २५ मार्चला झ्व्योझ्दोच्का एकेक प्रदक्षिणा करून नीट उतरल्या. १२ एप्रिलला गागारीन निघाले.

हे काम पुतळ्यांवर भागले नसते का, हा आक्षेप रास्त आहे. शेवटच्या दोन्ही उड्डाणांत इव्हान इव्हानोविच नावाचा पुतळा होताच. आसनासह यानाबाहेर फेकले जाणे आणि हवाईछत्रीने उतरणे त्याने तपासले. मात्र बेल्काची उलटी कुठल्याही पुतळ्याला सांगता आली नसती. उलट, यंत्राचा दोष शोधायला जीव पणाला लावण्याची गरज नव्हती, हेही तितकेच खरे. ३१ जानेवारी १९६१ रोजी हॅम हा चिंपांझी घेऊन गेलेला अमेरिकी रेडस्टोन अग्निबाण ठरल्यापेक्षा वेगाने गेला. त्या दोषाच्या दुरुस्तीची खात्री २४ मार्चच्या रिकाम्या उड्डाणाने झाली. प्राण्याचे उड्डाण समर्थनीय ठरते ते फक्त शरीराविषयीच्या, दुसरीकडून न मिळणाऱ्या उत्तरासाठी, आणि तेही त्याला परत आणण्याची तजवीज असेल तरच. या कसोटीवर लायकाची रवानगी उतरत नाही.

गगनयान या भारताच्या मानवी अंतराळमोहिमेच्या मानवविरहित उड्डाणासाठी इस्रोने व्योममित्र हा स्त्रीरूप यंत्रमानव घडवला, तो याच कारणाने योग्य आहे. माणसाचे शरीर अंतराळात तग धरते का, हा प्रश्न आता उरलेला नाही. भारताचे राकेश शर्मा १९८४ मध्येच जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहून आले; गगनयानपुढचे प्रश्न केबिनचा दाब, हवा आणि तापमान यांचे आहेत, आणि ती मोजायला यंत्रे पुरतात.