अदृश्य झालेला सीडी ड्राइव्ह : २००५ सालच्या एका छुप्या पहारेकऱ्याची कथा

१.
संगणकातला सीडी ड्राइव्ह एके दिवशी विंडोजला दिसेनासा होतो. दिवा लागतो, खण उघडतो, पण 'माय कंप्यूटर'मध्ये त्याचे चिन्ह नसते. अशा वेळी दोष बहुधा केबलचा किंवा झिजलेल्या यंत्राचा असतो. २००५ साली मात्र याच बिघाडाच्या मुळाशी एक बलाढ्य संगीत कंपनी निघाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. हा धागा त्या प्रकरणाचा.

२.
सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून घडवलेली ऑडिओ सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्या रचनेत नक्कल रोखणारे कुलूप नव्हते. एका सीडीवरील माहिती मावेल एवढी जागा त्या काळच्या घरगुती संगणकात नव्हतीच. पुढे संगणक बदलले. १९९९ साली 'नॅप्स्टर' आले, गाणी इंटरनेटवरून फुकट फिरू लागली आणि संगीत कंपन्या धास्तावल्या.

३.
सोनी बीएमजी या कंपनीने मग 'फर्स्ट फोर इंटरनेट' या ब्रिटिश कंपनीकडून 'एक्ससीपी' नावाचे कुलूप घेतले. अशी सीडी संगणकात घातली की करारपत्र पडद्यावर येई. ते मान्य केले की गाणी वाजवणारा प्रोग्राम बसे आणि ठरावीक प्रती करण्याचीच मुभा मिळे. पण त्याच्याबरोबर आणखी काही बसत होते. त्याचा उल्लेख करारपत्रात नव्हता.

४.
ते समजण्यासाठी सरकारी कचेरी डोळ्यांपुढे आणा. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत साहेबांपर्यंत पोहोचतो. विंडोजमध्येही 'ही सीडी वाच' ही विनंती ड्रायव्हरांच्या अनेक थरांतून ड्राइव्हपर्यंत जाते. या साखळीत जादा टेबल मांडता येते. त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. कोणत्या यंत्रापुढे कोणता फिल्टर बसला आहे, याची नोंद 'रजिस्ट्री' या दप्तरात असते. एक्ससीपीने आपले फिल्टर नेमके याच वाटेवर बसवले होते.

५.
शिवाय हा पहारेकरी अदृश्य होता. ज्या फाइलचे नाव 'डॉलर-सिस-डॉलर' या चिन्हांनी सुरू होई, ती विंडोज दाखवेनाशी होई. अशा लपवणाऱ्या सॉफ्टवेअरला 'रूटकिट' म्हणतात. तोवर हे तंत्र घुसखोरांचे म्हणूनच ओळखले जाई.

६.
मार्क रुसिनोविच हे विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार. रूटकिट हुडकणारे स्वतःचे साधन ते आपल्याच संगणकावर चालवून पाहत असताना त्यांना लपवलेल्या फाइली आढळल्या. माग काढता काढता ते नुकत्याच विकत घेतलेल्या एका सीडीपाशी पोहोचले. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी हा शोध जाहीर केला.

७.
त्यांच्या लेखातला एक प्रसंग आपल्या विषयाचा गाभा आहे. त्यांनी त्या फाइली पुसून संगणक पुन्हा सुरू केला, तर सीडी ड्राइव्हच नाहीसा झाला! पहारेकरी गेला होता, पण दप्तरातले त्याचे नाव तसेच होते. विनंती त्याच्या टेबलापाशी येई आणि तिथे कोणीच नसल्याने पुढची वाट बंद होई. रुसिनोविच यांनी रजिस्ट्रीतल्या त्या नोंदी शोधून काढून टाकल्या, तेव्हा ड्राइव्ह परतला. सामान्य ग्राहकाला हे कसे साधावे?

८.
कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रेडिओवर विचारले, की रूटकिट म्हणजे काय हेच बहुतेकांना ठाऊक नसताना त्यांनी त्याची चिंता का करावी? उत्तर लवकरच मिळाले. दोन आठवड्यांच्या आत त्याच आडोशाला लपणारे व्हायरस फिरू लागले. कंपनीने दिलेला काढून टाकण्याचा प्रोग्रामही संगणकाला नवे भगदाड पाडतो, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले.

९.
नोव्हेंबर २००५ मध्येच कंपनीने या सीडी परत मागवल्या. अशा ५२ संगीतसंचांची यादी प्रसिद्ध झाली. टेक्सास राज्याने खटला भरला, ग्राहकांनीही दावे लावले. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तडजोड झाली. ते सॉफ्टवेअर काढताना ज्यांच्या संगणकाची हानी झाली, त्यांना दुरुस्तीपोटी १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. अदृश्य झालेल्या ड्राइव्हची दखल अशी कायद्याने घेतली.

१०.
या इतिहासाचा व्यावहारिक धडा आजही उपयोगी आहे. ड्राइव्ह दिसत नसेल तर आधी केबल तपासा, मग बायोसमध्ये त्याचे नाव दिसते का ते पाहा. तिथे दिसतो, पण विंडोजमध्ये पिवळ्या खुणेसह 'कोड ३९'सारखा दोष येतो, तर यंत्र बहुधा शाबूत असते. रजिस्ट्रीत 'अपर फिल्टर्स' किंवा 'लोअर फिल्टर्स' या नावाखाली एखाद्या निघून गेलेल्या सॉफ्टवेअरची नोंद उरली असण्याची शक्यता असते. हात लावण्यापूर्वी रजिस्ट्रीची प्रत मात्र जरूर जपून ठेवा.

११.
दुसरा धडा मालकीचा. गाण्यांवर हक्क कंपनीचा होता, यात वाद नाही. पण ज्या संगणकावर ती वाजत होती, तो ग्राहकाचा होता. पहिल्या हक्काच्या रक्षणासाठी दुसऱ्याच्या घरात न सांगता पहारा बसवता येतो का, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता. सीडी आज अडगळीत गेली. 'मान्य आहे' हे बटण मात्र आपण रोज दाबतो आहोत.