एकच शब्द कशाला म्हणायचे? : रेग्युलर एक्स्प्रेशनच्या पर्यायांचा इतिहास

अमुक शब्द अमुक ग्रंथात किती वेळा येतो, हा साहित्याच्या अभ्यासातील फार जुना प्रश्न आहे. शब्दसूची, पाठभेदांची नोंद, कर्तृत्वाची चिकित्सा ही सारी कामे या ना त्या रूपात याच प्रश्नावर उभी असतात. पूर्वी ती चिठ्ठ्यांवर होत. आता ग्रंथ संगणकावर आला की अभ्यासक ते काम शोधाच्या एखाद्या आज्ञेवर सोपवतो. या आज्ञेमागे बहुधा 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाची एक लहानशी संकेतभाषा असते. शोधायच्या शब्दाचा नमुना या भाषेत लिहायचा आणि तो संहितेशी जुळवून पाहायचा, असा तिचा व्यवहार असतो. हा व्यवहार पार पाडणाऱ्या प्रोग्रामिंग लायब्रऱ्यांमध्ये पर्यायांची एक यादी दिलेली असते. नमुना कोणत्या व्याकरणाने वाचायचा, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे एक मानायची का, ओळीचा आरंभ कुठे धरायचा, दोन जुळण्या शक्य असतील तर कोणती स्वीकारायची, असे प्रश्न तिच्यात असतात. भाषा-साहित्याचे विद्यार्थी ही यादी तंत्रज्ञांची बाब म्हणून सोडून देतात. आमच्या मते ती अनेक दशकांच्या मतभेदांचा दस्तऐवज आहे, आणि तो वाचल्याशिवाय केलेल्या शब्दगणनेवर विसंबता येत नाही.

या भाषेचा जन्म संगणकाच्या पडद्यावर झाला नाही. वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी 1943 मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचे एक तार्किक प्रारूप मांडले. अशा जाळ्याला कोणत्या घटनाक्रमांची ओळख पटू शकते, या प्रश्नाचा विचार अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी 1951 मध्ये रँड संस्थेसाठी लिहिलेल्या टिपणात केला. ते 1956 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. क्लेनी यांनी अशा क्रमांना 'रेग्युलर' म्हटले, आणि याहून अर्थवाही शब्द कोणी सुचवल्यास त्याचे स्वागतच आहे असेही नोंदवले. तो शब्द कोणी सुचवला नाही, आणि हे काहीसे निरर्थक विशेषण कायमचे चिकटले. त्यांच्या मांडणीत तीनच क्रिया होत्या: एकामागून एक येणे, दोहोंपैकी एक येणे आणि पुन्हा पुन्हा येणे. तिथे पर्यायांची यादी नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. कागदावरच्या गणितात क्रियेचे चिन्ह कोणते आणि अक्षर कोणते, याविषयी संदेह निर्माण होत नाही.

संदेह निर्माण झाला तो टंकफलकाशी. बेल लॅब्जमधील केन थॉम्पसन यांनी 1968 मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली आणि क्यूईडी या संपादकात ती वापरात आणली. आता नमुन्याची चिन्हे आणि मजकुराची अक्षरे एकाच टंकफलकावरून, एकाच वर्णसंचातून येऊ लागली. तारांकन म्हणजे 'पुन्हा पुन्हा' असे ठरले, तर मजकुरातले खरेखुरे तारांकन कसे शोधायचे? त्यासाठी चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ देऊन त्याचा विशेष अर्थ काढून घेण्याची प्रथा पडली. पण कोणत्या चिन्हाला मुळातच विशेष अर्थ द्यायचा आणि कोणाला तो रेघ दिल्यावरच द्यायचा, याचे उत्तर प्रत्येकाने आपापले ठरवले. व्याकरणविषयक साऱ्या पर्यायांचे बीज इथे आहे.

याच काळातील एक हकिकत साहित्याच्या अभ्यासकांना जवळची वाटेल. 'द फेडरलिस्ट' हे 1787-88 मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेले 85 निबंध हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी लिहिले. मात्र काही निबंधांच्या कर्तृत्वाबद्दल वाद होता. ब्रायन कर्निहन सांगतात त्याप्रमाणे, बेल लॅब्जमधील ली मॅकमाहन यांना या निबंधांची भाषिक तपासणी करायची होती, परंतु एवढी संहिता 'ईडी' या संपादकात मावत नव्हती. थॉम्पसन यांनी त्या संपादकातील शोधाचा भाग वेगळा काढून दिला, तो 'ग्रेप'. संपादकातील 'जी / आरई / पी' या आज्ञेवरून, म्हणजे 'सर्वत्र शोध आणि छाप' या अर्थाने, त्याला हे नाव पडले. 1973 च्या युनिक्स माहितीपुस्तिकेत त्याची नोंद आहे. आज साऱ्या जगात वापरले जाणारे हे हत्यार पाठचिकित्सेच्या गरजेतून प्रसिद्धीस आले, ही गोष्ट आपल्या वर्गांमध्ये सांगितली जात नाही.

पुढे आल्फ्रेड आहो यांनी 'ईग्रेप' लिहिले; 1979 च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत ते समाविष्ट होते. त्यात 'एक किंवा अधिक वेळा' यासाठी अधिकचिन्ह, 'असेल किंवा नसेल' यासाठी प्रश्नचिन्ह आणि 'हे किंवा ते' यासाठी उभी रेघ होती. जुन्या ग्रेपमध्ये ही तिन्ही चिन्हे केवळ अक्षरे होती. 1992 मध्ये पॉझिक्स प्रमाणक ठरवणाऱ्यांपुढे ही दोन व्याकरणे उभी राहिली, तेव्हा त्यांनी एकाला बाद केले नाही. एकाला 'मूलभूत' आणि दुसऱ्याला 'विस्तारित' म्हणून दोहोंना मान्यता दिली. ग्नू प्रकल्पाच्या लायब्ररीने तर प्रत्येक मतभेदाला एकेक बिट वाटून दिला आणि त्यांच्या जुळण्यांना 'ईमॅक्सचे व्याकरण', 'ऑकचे व्याकरण' अशी नावे दिली. संहितेच्या संपादकाने एकच पाठ छापून इतर प्रतींतील पाठ तळटीपेत राखावेत, तसेच हे झाले.

मराठीच्या अभ्यासकाला याचे काय, असे कोणी विचारील. 1962 मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नांव', नंतरच्यांत 'नाव'. दोन्ही रूपे एकदम शोधायची तर 'नां?व' असा नमुना लिहिता येतो, म्हणजे अनुस्वार असो वा नसो. विस्तारित व्याकरणात तो नेमके हेच काम करतो. मूलभूत व्याकरणात मात्र प्रश्नचिन्ह हे प्रश्नचिन्हच. यंत्र इमानेइतबारे 'नां' नंतर प्रश्नचिन्ह आणि मग 'व' असा मजकूर शोधते आणि शून्य असे उत्तर देते. चूक झाल्याची सूचना येत नाही. शब्द त्या ग्रंथात नाहीच, असा निष्कर्ष मात्र प्रबंधात जाऊ शकतो.

दुसरा मोठा मतभेद व्याकरणाचा नव्हता, स्वीकाराचा होता. 'राम|रामदास' हा नमुना 'रामदास' या शब्दाशी जुळवला तर काय हाती येईल? पॉझिक्सचा दंडक असा की, सर्वांत आधी सुरू होणाऱ्या जुळण्यांपैकी सर्वांत लांब जुळणी घ्यावी, म्हणून 'रामदास'. लॅरी वॉल यांच्या पर्ल या भाषेचा दंडक निराळा. हेन्री स्पेन्सर यांनी 1986 मध्ये खुल्या केलेल्या लायब्ररीची परंपरा पर्लने पुढे नेली. तिथे पर्याय लिहिलेल्या क्रमाने तपासले जातात आणि पहिला जुळला की शोध थांबतो, म्हणून 'राम'. पर्लच्या 1994 च्या पाचव्या आवृत्तीने या भाषेत इतकी भर घातली की पुढच्या अनेकांनी तिलाच प्रमाण मानले. फिलिप हेझल यांनी 1997 मध्ये केंब्रिजमध्ये लिहिलेल्या लायब्ररीचे नावच मुळी 'पर्लशी सुसंगत' असे आहे. नमुना एक, संहिता एक आणि उत्तरे दोन. दोन्ही आपापल्या दंडकानुसार बिनचूक.

ही सारी घराणी एका छपराखाली आली ती सी प्लस प्लस या भाषेच्या 2011 च्या प्रमाणकात. त्यामागे जॉन मॅडॉक यांच्या बूस्ट लायब्ररीचे काम होते. प्रमाणकाने सहा व्याकरणे दिली: एक्मास्क्रिप्ट, मूलभूत, विस्तारित, ऑक, ग्रेप आणि ईग्रेप. काहीच सांगितले नाही तर पहिले धरले जाते. बूस्टमध्ये मात्र पर्लचे. या लायब्ररीने पर्यायांचे दोन वर्ग केले, आणि तो विवेक आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. पहिला वर्ग नमुना घडवताना ठरतो: त्यातील चिन्हांचा अर्थ काय, कॅपिटल-स्मॉल भेद पाळायचा का. दुसरा वर्ग प्रत्यक्ष वाचताना ठरतो. हातातला मजकूर एखाद्या मोठ्या संहितेचा तुकडा असेल, तर त्याचा आरंभ हा ओळीचा आरंभ समजू नये. मागेही मजकूर आहे असे धरावे. रिकामी जुळणी स्वीकारू नये. अर्थनिर्णयात शब्दार्थ निराळा आणि प्रसंग निराळा, असे आपण शिकवतो. तुटक उतारा वाचणाऱ्याला संदर्भाचे भान देण्याची सोय या पर्यायांनी यंत्रातही केली.

देवनागरीपाशी येताच या यादीचा तोल कुठे झुकलेला आहे ते दिसते. जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत कॅपिटल-स्मॉल भेद पुसणारा पर्याय आहे. देवनागरीत हा भेदच नसल्याने तो आपल्याला निरुपयोगी. ऱ्हस्व-दीर्घ एक मानण्याचा पर्याय मात्र या प्रमाणकांत कुठे नाही. 'शब्दातील अक्षर' कशाला म्हणावे, हा प्रश्न तर याहून गंभीर आहे. युनिकोडच्या तांत्रिक मानक क्रमांक 18 नुसार काना, वेलांटी, मात्रा ही स्वरचिन्हे शब्दाचाच भाग होत. पर्ल तसे मानते. पायथन 3 च्या अंगभूत लायब्ररीत ती शब्दाबाहेर पडतात. परिणामी तिथे 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे होतात. शब्दसीमेची खूण लावून 'नदी' शोधली, तर पुढे मोकळी जागा असलेली 'नदी' सापडत नाही. सापडतात 'नदीला' आणि 'नदीकाठ', कारण यंत्राच्या मते शब्दाची सीमा दीर्घ वेलांटी आणि पुढचे व्यंजन यांच्यामध्ये आहे. गणना होते, आकडाही येतो, आणि तो नेमका उलटा असतो.

'दऱ्या' आणि 'दर्या' हा भेद मराठी वाचकाला डोळ्यांनी कळतो. 'दऱ्या' मधला तो रकार संगणकात स्वतंत्र वर्ण म्हणून, नुक्ता जोडलेला र म्हणून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमानेही साठवलेला असू शकतो. यांपैकी पहिल्या दोन रूपांना युनिकोड समतुल्य मानते. तरी साधा शोध एकाचे दुसऱ्याशी नाते ओळखत नाही. जावाच्या 2002 मधील लायब्ररीत ही समतुल्यता पाळण्याचा पर्याय होता, आणि 2011 च्या सातव्या आवृत्तीत स्वरचिन्हांना शब्दात घेणारा पर्यायही आला. दोन्ही पर्याय सांगितल्याशिवाय लागू होत नाहीत, कारण त्यांनी शोध मंदावण्याचा संभव असतो. म्हणजे सांगितले नाही, तर वेगाच्या बाजूने कौल आधीच लागलेला असतो, आणि त्याची किंमत आपल्यासारख्या लिप्यांना मोजावी लागते.

यावर उपाय दुर्मीळ नाही. आपल्या शिस्तीत तो पूर्वापार आहे. जुन्या संहितेचा संपादक कोणत्या प्रती वापरल्या, कोणता पाठ का स्वीकारला, हे प्रस्तावनेत सांगतो, आणि ते सांगितल्यावाचून त्याची आवृत्ती कोणी चिकित्सक मानत नाही. संगणकावर शब्द मोजणाऱ्या अभ्यासकानेही कोणती लायब्ररी, कोणते व्याकरण, कोणते पर्याय वापरले आणि संहितेतील समतुल्य रूपे आधी एक करून घेतली का, हे चार ओळींत नोंदवावे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ते मागावे. 'नदी' किती वेळा आली, हे त्यानंतरच कोणाला पडताळून पाहता येईल.