घरातल्या माणसाच्या मनात आत्महत्येचा विचार असेल तर

सातारा, सांगली, कोल्हापूर भागात अनेक घरांत एक भाऊ सैन्यात आणि दुसरा शेतीवर असतो. दोघांचे त्रास वेगळे, पण विचारल्यावर उत्तर एकच, "काही नाही, ठीक आहे." सैनिकाला मेडिकल कॅटेगरी खाली जाण्याची धास्ती असते, शेतीवरच्याला गावाच्या बोलण्याची. आमच्यासमोर दोघेही झोप नाही, डोके दुखते, अशा तक्रारी घेऊन येतात.

रुग्ण अबोल झाला, दारू वाढली, आवडत्या वस्तू वाटू लागला, "माझ्यामागे तुम्ही सुखी राहाल" असे बोलू लागला, तर थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर उपदेश नको. "बायको-मुलांकडे बघ" हे वाक्य चांगल्या हेतूने म्हटले जाते, पण जो आधीच स्वतःला ओझे समजतो त्याला ते आणखी खाली ढकलते. त्यापेक्षा आजवर कशामुळे थांबलात, हे विचारा. उपचाराची सुरुवात मी बहुधा त्या उत्तरापासून करतो.

त्याच उत्तरातून रुग्णासोबत एक कागद तयार होतो: वाईट वेळ येतेय हे कसे कळते, तेव्हा कशाने बरे वाटते, फोन कोणाला करायचा. यादी रुग्णाने स्वतःच्या शब्दांत करायची. निवृत्त जवान वडिलांऐवजी जुन्या तुकडीतल्या मित्राचे नाव लिहील. घरच्यांनी ते मनाला लावून घेऊ नये.

तीव्र इच्छेची लाट अनेकदा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसणे जीव वाचवते. म्हणून फवारणीची औषधे कुलुपात, जादा गोळ्या घराबाहेर, परवान्याची बंदूक काही काळ दुसरीकडे. हे रुग्णाला सांगून करा, लपवून नको.

औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मध्येच बंद करू नका. हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, तेव्हा आठवड्याच्या आत तपासणीला या.

प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते. याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क दिला आहे.

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते. सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. धोका आत्ताच दिसत असेल तर माणसाला एकटे सोडू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा.