रामानुजन यांचे परदेशातील दुखणे

१७२९ या संख्येची गोष्ट आपण सर्वांनीच ऐकलेली असते. प्राध्यापक हार्डी टॅक्सीने आले, तिचा क्रमांक रुक्ष वाटला असे म्हणाले, आणि दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, असे रामानुजन यांनी तत्काळ सांगितले. गोष्ट सांगणारे त्या बुद्धीचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हा संवाद लंडनच्या पटनी भागातील एका शुश्रूषागृहात झाला, आणि उत्तर देणारा माणूस तेथे आजारी होऊन पडला होता, हे माझ्या मनातून जात नाही.

१७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून बोटीने निघालेले रामानुजन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. कॉलेजच्या भोजनगृहातील अन्न या कर्मठ शाकाहारी ब्राह्मणाला वर्ज्य. स्वतःच्या खोलीत शिजवावे तर युद्धामुळे जिन्नस मिळण्याची पंचाईत. संशोधनाच्या जोरावर १९१६ साली त्यांना बी. ए. ही पदवी मिळाली, आणि १९१७ च्या वसंतात त्यांनी अंथरूण धरले.

त्यानंतरची दोन वर्षे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात गेली. कोणी जठराचा व्रण म्हटले, पुढे क्षय ठरला. त्या काळी क्षयरोग्याला भर थंडीतही उघड्या हवेत ठेवीत. मॅटलॉकच्या आरोग्यधामात मद्रासच्या उन्हात वाढलेल्या या माणसाच्या वाट्याला तोच उपचार आला. १९१८ च्या आरंभी त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेपुढे स्वतःला झोकून दिले; गाडी वेळीच थांबली म्हणून वाचले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले आणि ट्रिनिटीने फेलोशिप. मानसन्मान आले, ताप मात्र हटेना.

१९९४ साली डी. ए. बी. यंग या इंग्रज संशोधकाने या दुखण्याची उपलब्ध माहिती पुन्हा तपासली. त्यांचे अनुमान असे की, तो क्षय नसून अमीबामुळे यकृताला झालेला विकार असावा. मद्रासला शिकत असताना, १९०६ साली, रामानुजन यांना आमांशाने गाठले होते. आमांश बरा झाला असे वाटले तरी त्याचे जंतू यकृतात वर्षानुवर्षे दबा धरून बसू शकतात. हे निदान आता सिद्ध करता येणार नाही, हे खरे. पण ते बरोबर असेल तर त्यावर औषध होते. लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यास आमांशावर एमेटीनची सुई १९१२ सालीच, म्हणजे रामानुजन बोटीवर चढण्याच्या दोन वर्षे आधी, वापरात आणली होती.

यात डॉक्टरांच्या वर्णद्वेषाची कथा शोधू नये. त्यांना तपासणाऱ्यांपैकी डॉ. चौरी मुथू हे स्वतः भारतीय होते, पण क्षयाचे तज्ज्ञ. आपल्या अवतीभोवती जो रोग नित्य दिसतो तोच वैद्याला प्रथम आठवतो, आणि त्या काळच्या इंग्लंडात तो रोग क्षय होता. परदेशी आजारी पडणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण मला येथे दिसते. घरी आई न विचारता सांगते, ‘याला अमुक साली असेच झाले होते.’ तेथे ते सांगणारे कोणी नसते, आणि तापाने ग्लानी आलेल्या मुलाला जुनी, बरी झालेली दुखणी सांगण्याजोगी वाटत नाहीत.

मार्च १९१९ मध्ये रामानुजन मुंबईच्या धक्क्यावर उतरले. येथेही क्षयाचेच उपचार चालले. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डींना नव्या फलनांविषयी अखेरचे पत्र लिहिले, आणि २६ एप्रिलला, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले.

आजही आपली मुले शिकायला दूरदेशी जातात. निघताना घरची माणसे लोणचे, मेतकूट, चकल्या आठवणीने बांधून देतात. त्याच पेटीत मुलाला लहानपणापासून झालेल्या दुखण्यांचा एक कागद, साल आणि औषधांसह, घालून द्यावा. त्याला वजन नाही, आणि तेथल्या डॉक्टरला तो दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.