रुपयाला किती शेर?

आज किराणा दुकानात आपण विचारतो, "तूरडाळ काय किलो?" किलो ठरलेला असतो, हलतात ते रुपये. आपल्या पणजोबांच्या काळात हा प्रश्न नेमका उलटा होता. फैजपूरच्या, सावद्याच्या, यावलच्या बाजारात माणूस विचारायचा, "ज्वारी रुपयाला किती शेर?" तिथं रुपया जागच्या जागी, आणि कमीजास्त व्हायचं ते माप. बाजारभावाला तेव्हा 'धारण' असा शब्द होता. 1880 साली निघालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरातही धान्याचे भाव रुपयाला इतके पौंड, याच पद्धतीनं दिले आहेत.

हा नुसता बोलण्यातला फरक नाही. भाव चढला की घरच्या बाईला लगेच दिसायचं, की त्याच रुपयात पिशवी हलकी आली आणि कणगीतलं धान्य चार दिवस आधी संपणार. महागाईचा हिशेब पैशात नव्हता, तो दिवसांत होता.

खानदेशात रेल्वे आली 1860 नंतरच्या दशकात. भुसावळ मोठं जंक्शन झालं. बैलगाडीनं फार लांब धान्य नेणं परवडत नसे, त्यामुळे एका मुलखात स्वस्ताई आणि शेजारच्या मुलखात टंचाई असं चालायचं. रेल्वेनं ते बरंच थांबवलं. मग 1896-97 चा दुष्काळ आला, आणि त्याच्या पाठोपाठ 1899-1900 चा. हा दुसरा म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातला 'छप्पन्या', संवत 1956 मधला. रेल्वेच्या वाघिणीतून धान्य येत होतं. पण ज्याचं पीकही गेलं आणि मजुरीही गेली, त्याच्या हातात ते घ्यायला रुपया कुठला? पुढं 1981 साली अमर्त्य सेन यांनी बंगालच्या आणि इतर दुष्काळांचा अभ्यास करून हेच मांडलं. दुष्काळात धान्य संपतं असं नाही, धान्य मिळवण्याची ऐपत संपते. सरकारच्या दुष्काळी नियमांनाही हे कळत होतं. खडी फोडणाऱ्या मजुराचा रोज धान्याच्या धारणेवर ठरवायचा, असं त्यात होतं. रोज फारच तुटपुंजा होता हे खरं, पण मजुरी पैशात न मोजता धान्यात मोजायची, हे सूत्र आजही विचार करण्यासारखं आहे.

आता फैजपूरकडे येऊ. 1936 च्या डिसेंबरात, 27 आणि 28 तारखेला, इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या वस्तू वापरून टिळकनगर सजवलं होतं. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे इथले कार्यकर्ते त्यासाठी राबले. खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही भरलं होतं. हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या वर्षी बाजारात काय चाललं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्या वर्षी महागाई नव्हती. उलट स्वस्ताई होती, आणि त्या स्वस्ताईनंच शेतकरी मोडला होता. 1929 साली जगभर मंदी सुरू झाली. कापूस कोसळला, ज्वारी कोसळली. शेतसारा मात्र रोख रुपयांत ठरलेला, सावकाराचं कर्जही रुपयांत. पूर्वी जेवढा माल विकून सारा भागत होता, त्याच्या कितीतरी जास्त माल विकावा लागू लागला. फैजपूरला जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, त्यातली सारा आणि खंड कमी करण्याची, परवडत नाही अशा जमिनीला सूट देण्याची, कर्जवसुली थांबवण्याची कलमं या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजेत. गावात धान्य स्वस्त होतं आणि घरात मीठमिरची आणायला पैसा नव्हता. किराण्याच्या खर्चाची चर्चा करताना ही दुसरी बाजू आपण फार लवकर विसरतो.

सात वर्षांत चित्र पालटलं. दुसऱ्या महायुद्धात भाव भडकले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, बंगालात 1943 साली लाखो माणसं मेली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग सुरू झालं. रेशन, काळाबाजार, परमिट हे शब्द तेव्हा घराघरात शिरले. नियंत्रणामुळे माल दडवला जातो, लोक लाचार होतात, म्हणून ती उठवा, असा आग्रह गांधीजींनी धरला. 1947 च्या डिसेंबरपासून ती उठू लागली. भाव इतके चढले, की 1948 च्या सप्टेंबरात सरकारला नियंत्रणं परत आणावी लागली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तेव्हापासून तेच आहेत. आजची वर्तमानपत्रं काढून बघा.

सरकारं आपापलं करत होती, आणि घरं आपापलं. खानदेशातल्या घराची महागाईवरची खरी तोड म्हणजे सालाची साठवण. ही रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. दादर ज्वारी निघाली, गहू निघाला, की धान्य सर्वांत स्वस्त असतं. तेव्हाच वर्षाचं भरायचं. चैत्र-वैशाखातलं आपल्याकडचं ऊन इतर मुलखांना जाचक वाटतं, पण साठवणीला त्याच्यासारखा नोकर नाही. धान्य उन्हात खडखडीत वाळवायचं, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत टाकायचं. डाळीला एरंडेलाचा हात लावायचा. मग बिबडे, कुरडया, पापड, शेवया, सांडगे. पावसाळ्यात भाजी महागली की हेच ताटात यायचं. भाजीच नसली तर बेसनाच्या डुबुकवड्या, तुरीचे फुणके. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी तर मिरचीच्या ठेच्याबरोबर एकटीच जेवण होते. आज हॉटेलात हे पदार्थ 'खास खानदेशी' म्हणून चढ्या भावानं मिळतात. मुळात ती काटकसर होती.

या साठवणीचं कौतुक करताना दोन गोष्टी बोलायला हव्यात. एक म्हणजे हे सगळं बाईच्या अंगावर होतं. पहाटे चीक शिजवायचा, ऊन चढायच्या आत घालून मोकळं व्हायचं, दुपारी वाळवण राखत बसायचं. एकमेकींकडे आळीपाळीनं जाऊन हात लावायची पद्धत होती म्हणून ते निभायचं. या कामाची मजुरी कुणी धरली नाही, म्हणून वाळवण 'स्वस्त' पडत होतं. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. सालाचं भरायला सुगीत हातात रोकड लागते. ती होती जमीनवाल्याकडे. मजूर सुगीत मजुरी घेऊन श्रावणापर्यंत ती पुरवू शकत नव्हता. तो रोज आणायचा आणि रोज खायचा, तोही उधारीवर. दुकानदाराच्या वहीत खातं असायचं, हिशेब सुगीनंतर. वहीत भाव कोणता लागला हे विचारण्याची सोय नसायची. म्हणजे ज्याच्याजवळ कमी, तोच शेराला जास्त मोजत होता. चिल्लर घेणाऱ्याला माल महाग पडतो, हा नियम तेव्हाही होता, आजही आहे.

पुढं यावल-रावेरच्या पाण्याखालच्या जमिनीत केळी पसरली. केळीनं पैसा आणला, यात शंका नाही. पण धान्य पिकवणारं घर हळूहळू धान्य विकत घेणारं झालं. केळीचा भाव दिल्ली बघून ठरतो आणि गव्हाचा भाव आणखी कुठं बघून ठरतो. सालाच्या कोठीऐवजी महिन्याची यादी आली.

1972 चा दुष्काळ अजून अनेकांच्या आठवणीत आहे. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, शाळेत आणि कामावर वाटलेली सुकडी. मात्र छप्पन्यासारखी माणसं मेली नाहीत. याचं मोठं कारण कामं. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी पडत होती, म्हणून धान्य त्यांच्यापर्यंत पोचत होतं. रोजगार हमी योजना याच अनुभवातून उभी राहिली, आणि 1977 साली तिचा कायदा झाला.

शहरातल्या बायकांनी मात्र वेगळा मार्ग धरला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. मुंबईत लाटणं घेऊन, थाळ्या बडवत मोर्चे निघाले. किराण्याची यादी हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या लाटण्यानं पहिल्यांदा इतक्या ठणठणीतपणे सांगितलं.

मोर्चाइतकी गाजली नाही, पण जास्त टिकली अशी गोष्ट म्हणजे एकत्र खरेदी. मुंबईत गिरणगावात 1948 साली कामगारांनी सुरू केलेल्या ग्राहक सहकारी संस्थेतून 'अपना बाजार' वाढला. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, आणि 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत साधी आहे. शेजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र येतो, आणि वाटप सभासदच करतात. दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही, पडून राहणारा माल नाही. खेड्यातल्या सालाच्या भरणीचा फायदा, म्हणजे घाऊक भाव, पगारदार माणसाला महिन्याच्या पैशात मिळाला. फैजपूरसारख्या गावात तर हे अधिक सोपं व्हायला हवं. जळगावात डाळ मिलांची रांग लागली आहे. नवी तूर बाजारात येते तेव्हा एखाद्या बचत गटानं पोती धरून डाळ घेतली आणि बायकांनी हप्त्यानं पैसे फेडले, तर रोकड नसणाऱ्या घरालाही सुगीचा भाव मिळेल. सालाच्या साठवणीतली जी खोट मघाशी सांगितली, ती इथं भरून निघते. भिशी चालवणाऱ्या बायकांना यातलं काही शिकवावं लागणार नाही.

डाळीचीच गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो. 2015 च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली. घरोघर वरण पातळ झालं. त्या भावाकडे बघून शेतकऱ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि 2017 साली तीच तूर हमीभावाच्या खाली आली. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. दीड वर्षात एकाच पिकानं आधी घेणाऱ्याला रडवलं, मग विकणाऱ्याला. आपल्या भागात हे दोघं पुष्कळदा एकाच घरात राहतात. 1936 ची गोष्ट जुनी झालेली नाही, ती यासाठी सांगितली.

रेशनचं म्हणाल तर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं धान्य दोन-तीन रुपये किलोवर आलं, आणि 1 जानेवारी 2023 पासून लाभार्थ्यांना ते फुकट मिळतं. मोठा आधार आहे. पण घराची यादी आता गहू-तांदळावर अडत नाही. ती अडते तेल, डाळ, साखर, मसाला आणि पुड्यांवर.

आणि या पुड्यांनी एक गंमत केली आहे. शेर गेला, 1958 पासून किलो येऊ लागला, तेव्हा वजन पक्कं झालं आणि किंमत हलू लागली. आता पाच रुपयांचा बिस्किटपुडा, दहा रुपयांचा साबण, दोन रुपयांची शांपूची पुडी यांची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते आणि आतला माल गुपचूप घटतो. हा पणजोबांचाच बाजार झाला, रुपया ठरलेला आणि माप हलतं. फरक एवढाच, की तेव्हा शेर डोळ्यांदेखत भरला जायचा आणि धारण चारचौघांत बोलली जायची. आज ती बाजारात कुणी पुकारत नाही. बांधीव मालाच्या पुड्यावर आता एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही छापावी लागते. बहुतेक वेळा ती एखाद्या कडेला, बारीक अक्षरात असते. दोन पुडे शेजारी धरून तो आकडा ताडून पाहिला, की मोठा पुडा खरंच स्वस्त आहे की नाही ते कळतं. दरवेळी तो स्वस्त निघतोच असं नाही. दुकानात जाताना चष्मा तेवढा बरोबर ठेवावा लागतो.