गाळाच्या घराण्यातला बर्फ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मिथेन हायड्रेटचं कूळ शोधताना मात्र नदीच्या मुळापर्यंत गेल्यावाचून गत्यंतर नाही. बंगालच्या उपसागराच्या तळाखाली दडलेल्या या बर्फाची एक शाखा थेट त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वरला येऊन पोचते.

पाण्याच्या रेणूंनी बांधलेला पिंजरा आणि त्यात कोंडलेला मिथेन, म्हणजे हा पदार्थ. दिसतो बर्फासारखाच, पण काडी लावली की पेटतो. एक घनमीटर हायड्रेट विरघळला तर सुमारे 164 घनमीटर वायू मोकळा होतो. या घराण्याची पहिली नोंद प्रयोगशाळेतली. 1810 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीनचा हायड्रेट ओळखला, 1888 मध्ये फ्रान्समध्ये व्हियार यांनी मिथेनचा बनवला. 1934 मध्ये अमेरिकेतल्या हॅमरश्मिट यांनी दाखवलं की नैसर्गिक वायूच्या नळांमध्ये बसणारा दट्ट्या हायड्रेटचाच असतो. तेव्हा ही बला माणसाच्याच उद्योगातून निपजते, असा समज होता.

समुद्राखालचा सुगावा लागला तो 1970 मध्ये, अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडच्या ब्लेक रिजवर. खोल प्रवाहांनी आणून टाकलेल्या गाळाचा हा लांबलचक उंचवटा. तळाखाली ध्वनिलहरी सोडल्या की तिथे एक ठसठशीत रेषा उमटे. ती गाळाच्या थरांना जुमानत नव्हती; त्यांना आडवी छेदून समुद्रतळाशी समांतर धावत होती. थर पाळत नाही म्हणजे ती खडकाची रेषा नव्हे, तापमानाची आणि दाबाची. हायड्रेटची खालची हद्द तीच.

आता या हद्दीच्या वर हायड्रेट साचणार की नाही, हे ठरवतो कोण? बऱ्याच अंशी गाळ.

मिथेन तयार करतात गाळातले सूक्ष्मजीव, मेलेल्या जीवांचे आणि वनस्पतींचे अवशेष कुजवून. पण त्यांची पंगत शेवटची. आधी प्राणवायूवर जगणारे जेवतात, मग सल्फेट वापरणारे, आणि उरलंसुरलं मिथेनवाल्यांच्या वाट्याला येतं. गाळ सावकाश साचत असेल तर अवशेष तळावरच फस्त होतात. तो भराभर साचला तर ते पटकन गाडले जाऊन बचावतात. अर्थात नुसता वेग पुरत नाही: निव्वळ माती आणि खाद्य नाही, अशा गाळातून काही निघत नाही.

याच गाळाचा दुसरा गुण उलटा आहे. नवा थर पडला की समुद्रतळ वर सरकतो, आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता त्यामागोमाग वर चढते. एकावर एक गोधड्या पडाव्यात तसा जुना हायड्रेट खाली उबत जातो आणि अखेर हद्दीबाहेर पडून विरघळतो. सुटलेला वायू भेगांतून वर येतो, गार पट्ट्यात शिरतो आणि पुन्हा गोठतो. या फेऱ्यामुळेच हद्दीच्या लगेच वर हायड्रेट दाट होऊ शकतो आणि तिच्याखाली मोकळा वायू साठतो. गाळ आपल्याच लेकराला मोडतो आणि पुन्हा घडवतो. या कुळातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच.

2006 मध्ये ‘जोईडेस रिझोल्यूशन’ या जहाजानं भारताच्या दोन्ही समुद्रांत भोकं पाडली. वर आणलेल्या गाळाच्या नळ्यांवरून अवरक्त कॅमेरे फिरवले जात, कारण हायड्रेट विरघळताना उष्णता शोषतो आणि तेवढा भाग थंडगार दिसतो. अरबी समुद्रातल्या केरळ-कोकण खोऱ्यात हाती आला तो सावकाश साचलेला, चुन्याचं प्रमाण भरपूर असलेला गाळ. हायड्रेटचा पत्ता नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र साधारण हजार मीटर पाण्याखालच्या चिकणमातीत सव्वाशे मीटरहून जाड हायड्रेटयुक्त पट्टा लागला. घाईघाईनं साचलेल्या मातीतलं पाणी वेळेवर निसटत नाही, दाब वाढतो, माती तडकते. त्या उभ्या तडांमधून वायू वर चढला आणि तिथेच गोठला. क्ष-किरण चित्रांत या शिरा स्पष्ट दिसतात.

ही माती कुठली? सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं बरंचसं पाणी जवळचा कोकण सोडून पूर्वेला वाहतं. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावते आणि सुमारे 1,465 किलोमीटर चालून दुसऱ्याच समुद्राला मिळते. वाटेत दख्खनचा झिजलेला बेसाल्ट आणि काळी माती गोळा करते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या खोऱ्यातल्या गाळाची चुंबकीय खनिजं तपासली, तेव्हा त्यांत बेसाल्टमधलं टायटॅनोमॅग्नेटाइट सापडलं. कुळाचा दाखला म्हणून एवढा पुरेसा आहे.

चिकणमातीतल्या शिरांमधून वायू काढणं मात्र जिकिरीचं. त्यासाठी वाळूचे थर बरे, कारण त्यांत वायूला वाहायला वाट असते. जपाननं मार्च 2013 मध्ये नानकाई खळग्यातल्या अशाच वाळूतून समुद्रातल्या हायड्रेटचा वायू जगात पहिल्यांदा काढला, आणि विहिरीत वाळू शिरू लागल्यानं सहा दिवसांत काम थांबवलं. त्या चाचणीतलंच ‘चिक्यू’ जहाज 2015 मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्याकडे आलं. या खेपेला शोध वाळूचाच होता, आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हायड्रेटनं भरलेली वाळू सापडली.