साखरपाण्याची बशी

मधमाश्या फुलांतला मकरंद गोळा करतात आणि त्याचा मध करून साठवतात, हे चौथीतला विद्यार्थीही सांगेल. पण मधपाळ आपल्या माश्यांना साखर खाऊ घालतात असे सांगितले, की तोच विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. ‘‘मग तो मध खरा कसा?’’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे आपण येऊच. पण साखरपाणी ही केवळ मधपाळाच्या कामाची वस्तू नाही. मधमाशीविषयी पाठ्यपुस्तकांत आज जे छापलेले असते, त्यातले बरेचसे साखरपाण्याने भरलेल्या बशीपाशी बसून शोधलेले आहे. आणि एक चुकीची समजूत वीस वर्षे टिकली तीही या बशीमुळेच.

सुरुवात जिनिव्हापासून करू. तिथे १७५० साली जन्मलेल्या फ्रान्स्वा ह्यूबर यांची दृष्टी पंधराव्या वर्षाच्या सुमारास अधू होऊ लागली आणि पुढे पूर्ण गेली. तरीही मधमाश्यांच्या निरीक्षणाचे त्या शतकातले सर्वांत काटेकोर काम त्यांच्या नावावर आहे. डोळे होते त्यांचा नोकर ब्यूर्नां याचे. ह्यूबर प्रश्न ठरवत, प्रयोग आखत. ब्यूर्नां ते करी आणि दिसले ते सांगे. मग ह्यूबर उलटतपासणी घेत, शंका उरली तर प्रयोग पुन्हा करायला लावत. एकदा कामकरी माश्याही अंडी घालतात का, हे ठरवण्यासाठी ब्यूर्नांने दोन पोळ्यांतली प्रत्येक माशी हातात धरून तपासली. त्याला अकरा दिवस लागले. विज्ञानाच्या इतिहासात अशा मदतनिसांची नावे सहसा उरत नाहीत. ह्यूबर यांनी मात्र आपल्या पुस्तकात त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

मेण कोठून येते, हा त्या काळी मोठा वादाचा विषय होता. रेओम्यूर यांच्यासारखा नामवंत निसर्गशास्त्रज्ञ सांगत होता, की माश्या पायांवर परागाच्या गोळ्या आणतात, त्या खाऊन त्यांचेच मेण करतात. फ्रेंच भाषेत परागाला ‘कच्चे मेण’ म्हणण्याचीच पद्धत होती. ह्यूबर यांना एक गोष्ट खटकली. जुन्या, भरलेल्या पोळ्यात माश्या भरपूर पराग आणतात, पण नवे पोळे बांधत नाहीत. उलट नुकतीच वेगळी झालेली वसाहत रिकाम्या जागेत भराभर पोळी बांधते, आणि तिच्याकडे पराग तर फारसा नसतो.

मग त्यांनी अशी नवी वसाहत कोंडून ठेवली. आत फक्त मध आणि पाणी. परागाचा कणही नाही. काही दिवसांनी पाहिले तर आत पांढरीशुभ्र पोळी लटकत होती! ती काढून घेतली, पुन्हा मध दिला, पुन्हा पोळी. दुसऱ्या वसाहतीला फक्त पराग आणि फळे दिली, तिथे मेणाचा तुकडाही तयार झाला नाही. आता एक पळवाट शिल्लक होती. मधातच मेणाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतील तर? म्हणून ह्यूबर यांनी मध बाजूला ठेवला आणि माश्यांना साखरेचा पाक दिला. साखरेत मेण असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही माश्यांनी पोळी बांधली, आणि मधावरच्या माश्यांपेक्षा लवकर व जास्त बांधली.

एका पदार्थाचे नुसते नाव बदलून प्रतिस्पर्ध्याची शेवटची शंका काढून टाकणारा इतका सरळ प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात जरूर सांगावा. ‘नियंत्रित प्रयोग’ हा शब्द न वापरता त्याचा अर्थ मुलांना कळतो. लंडनमध्ये जॉन हंटर यांनी १७९२ साली माशीच्या पोटाखाली मेणाचे पापुद्रे दाखवून दिले होतेच. आज आपल्याला माहीत आहे, की कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात आणि त्या साखरेपासून मेण बनवतात.

ह्यूबर यांच्या काळी साखर महाग होती. ती माश्यांना घालणे ही चैनच. पुढच्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. बीटपासून साखर निघू लागली, साखर स्वस्त झाली. आणि मधपेटी बदलली. युरोपात गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या पाळत, आणि मध काढायचा तर कित्येकदा गंधकाच्या धुराने सगळी वसाहत मारून टाकत. १८५१ साली अमेरिकेत लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आले, की सुमारे ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या मोकळी ठेवतात. त्याहून लहान फट त्या राळेसारख्या चिकट पदार्थाने बुजवतात, मोठी असेल तर तिथे पोळे बांधतात. तेवढी फट सोडून चौकटी टांगल्या, की त्या चिकटत नाहीत, वर उचलता येतात. १८५७ साली जर्मनीत मेणपत्रा आला, १८६५ साली पोळे न मोडता मध काढणारे मधयंत्र आले. आता माश्या न मारता मध मिळू लागला. पण सगळा मध काढून घेणेही सोपे झाले! आणि मध नेला तर हिवाळ्यात माश्या खाणार काय? तिथे साखरपाणी आले.

थंड देशांत हिवाळा, तर आपल्याकडे पावसाळा. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर पडणेच कठीण. अशा वेळी मधपाळ साखर आणि पाणी साधारण समभाग घेऊन पाक देतात. तो संध्याकाळी देतात, कारण दिवसा दिला तर शेजारच्या वसाहतींतल्या माश्या वासाने येऊन लूटमार करतात, आणि दुबळी वसाहत त्यात नष्टही होते. गूळ शक्यतो टाळतात. त्यातले साखरेतर पदार्थ माश्यांना बाधतात. साखरेत प्रथिने नसतात, त्यामुळे परागाची जागा ती घेऊ शकत नाही. पिलावा वाढायचा तर पराग हवाच.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. उपासमारीच्या काळात दिलेला पाक माश्या तेव्हाच खाऊन संपवतात, त्यात गैर काही नाही. पण फुलोरा चालू असताना पाक देऊन तो मध म्हणून विकला, तर ती भेसळच. ती ओळखायची एक युक्ती वनस्पतिशास्त्रातून आली. उसाचे प्रकाशसंश्लेषण सी-४ पद्धतीचे असते, आणि बहुतेक मधाळ फुलांच्या वनस्पतींचे सी-३ पद्धतीचे. त्यामुळे उसाच्या साखरेत कार्बन-१३ चे प्रमाण थोडे जास्त असते. मध तपासला की ते उघड होते. बीट आणि भात मात्र सी-३ आहेत. म्हणून भेसळ करणारे तांदळापासून केलेल्या पाकाकडे वळले, आणि तपासणाऱ्यांना नव्या चाचण्या शोधाव्या लागल्या.

साखरपाण्याचा सर्वांत मोठा उपयोग मात्र केला कार्ल फॉन फ्रिश यांनी. १८८६ साली व्हिएन्नात जन्मलेले हे प्राणिशास्त्रज्ञ म्युनिकमध्ये काम करत. तिथले एक वजनदार नेत्रतज्ज्ञ फॉन हेस ठामपणे सांगत होते, की मधमाश्यांना रंग दिसत नाहीत, फक्त उजेडाचे कमीजास्त प्रमाण कळते. मग फुले रंगीत कशासाठी? फ्रिश यांनी निळ्या कागदावर साखरपाण्याची बशी ठेवली, भोवती वेगवेगळ्या छटांचे करडे कागद ठेवून त्यांवर रिकाम्या बश्या ठेवल्या. माश्या शिकल्या. नंतर सगळ्याच बश्या रिकाम्या, कागदांच्या जागाही बदललेल्या. तरी माश्या निळ्याकडेच गेल्या. रंग दिसत नसता, तर एखाद्या करड्या छटेशी त्यांची गल्लत व्हायला हवी होती. लाल रंगाची गडद करड्याशी गल्लत होते हेही दिसले. हे काम १९१४ साली प्रसिद्ध झाले.

त्यांनी माश्यांना क्रमांक दिले, तेही लक्षात ठेवण्याजोगे. पाठीवर पुढच्या कडेला पांढरा ठिपका म्हणजे १, लाल २, निळा ३, पिवळा ४, हिरवा ५. मागच्या कडेला तेच रंग ६ ते ० साठी. शेकड्याचा ठिपका पोटावर. पाच रंगांत ५९९ पर्यंत माश्या ओळखता येत.

१९१९ साली काचेच्या पेटीत त्यांना दिसले, की बशीवरून परतलेली माशी पोळ्यावर गोल गोल नाचते आणि मग इतर माश्या बशीकडे धावतात. दुसराही एक नाच होता. त्यात माशी सरळ रेषेत पोट हलवत जाई, अर्धवर्तुळ घेऊन परत येई. तो नाच पायांवर पराग असलेल्या माश्या करत होत्या. फ्रिश यांनी अनुमान काढले: गोल नाच म्हणजे मकरंद, पोट हलवण्याचा नाच म्हणजे पराग. ते पुस्तकांत गेले आणि वीस वर्षे राहिले.

चूक कोठे होती? बशीच्या जागेत. निरीक्षण सोयीचे व्हावे म्हणून बशी पेटीजवळच ठेवलेली असे, आणि पराग आणणाऱ्या माश्या दूरच्या फुलांवरून येत. फरक अन्नाचा नव्हताच, अंतराचा होता.

ही चूक सुधारण्याची संधी मात्र फ्रिश यांना मिळाली नसती. त्यांची आईकडची आजी ज्यू कुळातली. १९४१ च्या जानेवारीत नाझी सरकारने त्यांना ‘मिश्र वंशाचे’ ठरवून पदावरून काढण्याचे कळवले. त्याच सुमारास जर्मनीतल्या मधमाश्यांत नोसेमा हा आतड्याचा रोग पसरला होता. माश्या मेल्या तर फळबागांचे आणि बियाण्यांचे परागीभवन होणार नाही, आणि युद्धात अन्न हवे. अन्न खात्याने फ्रिश यांच्याकडे हे काम सोपवले. त्यांची हकालपट्टी युद्धानंतर पाहू म्हणून पुढे ढकलली गेली. एका माणसाची नोकरी, कदाचित त्याहूनही अधिक, माश्यांच्या रोगामुळे वाचली. ज्यांच्या बाजूने अशी काही उपयुक्तता बोलत नव्हती, अशा असंख्यांना ही सवलत मिळाली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

या काळात त्यांनी हव्या त्या पिकाकडे माश्या वळवण्याचा उपाय हाती घेतला. रशियात असे प्रयोग आधी झाले होते. लाल क्लोव्हरची फुले साखरपाण्यात काही तास भिजवायची आणि ते पाणी माश्यांना द्यायचे. वास ओळखून माश्या त्या शेताकडे जातात. वास आणि अंतर यांचा मेळ तपासताना १९४४ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या ब्रुनविंकल गावी त्यांनी दोन बश्या मांडल्या, एक १० मीटरवर, दुसरी ३०० मीटरवर. दोन्हींत साखरपाणीच. जवळच्या बशीवरच्या सगळ्या माश्या गोल नाचल्या, दूरच्या सगळ्या पोट हलवत नाचल्या. बशी हळूहळू दूर नेली, तेव्हा ५० ते १०० मीटरच्या दरम्यान एक नाच दुसऱ्यात बदलला. १०० मीटरला पंधरा सेकंदांत नऊ-दहा फेऱ्या, ५०० मीटरला सहा, १००० मीटरला चार-पाच. पुढच्या उन्हाळ्यात दिशाही उलगडली: पोळ्यावर सरळ वर नाचणे म्हणजे सूर्याच्या दिशेने. १९७३ साली फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वाद तिथेही थांबला नाही. १९६७ पासून एड्रियन वेनर आणि त्यांचे सहकारी म्हणू लागले, की माश्या केवळ वासावरून जातात. त्यावर १९८९ साली एक यांत्रिक माशीच बनवली गेली. पितळेची, वरून मेणाचा थर, पंखाऐवजी दाढीच्या पात्याचा तुकडा. ती नाचे आणि मधूनमधून साखरपाण्याचा थेंब देई. खऱ्या माश्या तिने सांगितलेल्या दिशेने गेल्या.

आपल्या माश्यांकडे या परंपरेतले पहिले लक्ष गेले १९५४-५५ मध्ये. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर श्रीलंकेत आले आणि सातेरी, आग्या व फुलोरी या तिन्ही माश्यांना त्यांनी बशीवर शिकवले. फुलोरी उघड्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि थेट अन्नाच्या दिशेलाच तोंड करते. आणि या माश्यांची ‘बोली’ वेगळी आहे. युरोपीय माशी जिथे अजून गोल नाचते, तिथे काही मीटरच्या अंतरालाच आपली सातेरी पोट हलवू लागते. दक्षिण भारतात केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही तीन जातींच्या बोलींतला हा फरक पुन्हा दिसला.

ज्या शाळेजवळ एखाद्या मधपाळाकडे काचेच्या बाजूची निरीक्षणपेटी असेल, तिथल्या शिक्षकांना याचा सरळ फायदा आहे. फ्रिश यांना ज्यासाठी बशी शेतापलीकडे न्यावी लागली, ते सातेरीच्या बाबतीत शाळेच्या मैदानात दिसू शकते. समभाग साखर-पाणी, त्यात बडीशेपेच्या अर्काचा एक थेंब, उथळ बशी आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात चार काड्या. बशी आधी पेटीच्या अगदी जवळ ठेवावी आणि माश्या येऊ लागल्या की थोडी थोडी दूर सरकवावी. फुलोरा भरात असेल तर माश्या बशीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तेव्हा फुलांचा तुटवडा असतानाचे, पण पाऊस नसलेले दिवस निवडावेत.